शब्द एक, अर्थ प्रांतोप्रांतीचे

१. शिक्षा नेमकी कशाची?

केंद्र सरकारची ‘सर्व शिक्षा अभियान’ ही योजना २००१ च्या सुमारास देशभर सुरू झाली आणि तेच नाव महाराष्ट्रातही जसेच्या तसे आले. मराठी वाचणाऱ्याला त्याचा पहिला अर्थ लागतो तो ‘सर्वांना दंड’ असा. योजना राबवणारी राज्यातील संस्था मात्र ‘महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद’. म्हणजे एकाच पत्रावर शिक्षाही आली आणि शिक्षणही आले, आणि वाचणाऱ्याने दोन्हींचा अर्थ एकच घ्यायचा. अशा वेळी जो तो विचारतो: शब्द संस्कृतातला, लिपी एक, उच्चारही जवळजवळ एक, मग हिंदीत त्याचा अर्थ विद्या आणि मराठीत सजा, हे कसे? यांत बरोबर कोण?

बहुमताने ठरवू म्हटले तरी पंचाईत होते. हिंदी, बंगाली, ओडिया, असमिया आणि नेपाळी या भाषांत शिक्षा म्हणजे शिकणे-शिकवणे. मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि मल्याळम या भाषांत शिक्षा म्हणजे दंड. शेवटचा स्वर तेवढा बदलतो, जसे कन्नडात ‘शिक्षे’. नकाशावर पाहिले तर उत्तर आणि पूर्व एका बाजूला, पश्चिम आणि दक्षिण दुसऱ्या बाजूला. भाषाकुळाचा येथे काही संबंध नाही. मराठी आणि गुजराती आर्यकुळातल्या असूनही या शब्दापुरत्या द्राविडी शेजाऱ्यांच्या पंगतीला बसतात.

संस्कृतात ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे. त्याच धातूचे इच्छादर्शक रूप ‘शिक्ष्’, म्हणजे समर्थ होऊ पाहणे, अर्थात शिकणे. वेदाची जी सहा अंगे मानतात त्यांतले एक अंग शिक्षा. त्याचा विषय वर्णांचे उच्चार. तेव्हा मूळ अर्थ विद्येचा, याबद्दल वाद नाही. पण शिकवण्यात वळण लावणे येते आणि वळण लावण्यात छडीही येते. ‘चांगला धडा शिकवला’ असे म्हणताना मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पाटी-पुस्तक नसते. लॅटिनमधला ‘डिसिप्लिना’ हाही मुळात शिकवणुकीचाच शब्द. त्याचे इंग्रजीत डिसिप्लिन झाले, आणि कचेरीत एखाद्यावर ‘डिसिप्लिनरी अ‍ॅक्शन’ घेतली म्हणजे त्याला शिकवणी लावली असे आज कोणी समजत नाही. शिकवण्यापासून दंडापर्यंतची वाट अनेक भाषांनी आपापली तुडवलेली आहे.

शिवाय मराठीने मूळ अर्थ टाकला असेही नाही. संस्कृत शिक्षते, प्राकृत सिक्खइ, मराठी शिकणे, अशी ती सरळ परंपरा आहे. ‘शिकला नाही म्हणून शिक्षा झाली’ या वाक्यात एकच धातू दोनदा येतो. पहिल्यांदा तो पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यात झिजत आलेला आहे, दुसऱ्यांदा पोथीतून अख्खा उचललेला. झिजून आलेल्या शब्दांना तद्भव म्हणतात आणि उचललेल्यांना तत्सम. शिकण्याचे काम तद्भवाने आधीच अडवले होते, जोडीला ‘शिक्षण’ हा तत्समही होता. शिक्षा हा शब्द त्यामुळे मोकळा राहिला. ‘मोकळा राहणे’ ही गोष्ट किती महत्त्वाची, ते चौथ्या भागात दिसेल.

२. सारखे दिसणारे सगळे नातलग नसतात

दोन भाषांत एकच रूप आढळले की ते एकच शब्द आहेत असे मानायचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. तमिळमध्ये ‘पाल’ म्हणजे दूध, मराठीत भिंतीवरची पाल, हिंदीत जहाजाचे शीड. तमिळ पाल आणि मराठी पाल यांचा काडीचा संबंध नाही. मराठी पाल आली संस्कृतातल्या ‘पल्ली’वरून, आणि तमिळमध्ये या प्राण्याचे नाव आहे ‘पल्लि’. म्हणजे जे हुबेहूब दिसते ते परके निघाले आणि ज्याचे रूप थोडे वेगळे तेच नात्यातले निघाले. सीमाभागात कानडी पाहुणा ‘ऊटा आयता?’ असे विचारतो तेव्हा तो ‘जेवण झाले का?’ एवढेच विचारत असतो. त्यात उठणेही नाही आणि आयते मिळणेही नाही.

योगायोगाच्या अशा जोड्या मौजेच्या असतात, पण त्यांतून भाषेविषयी फारसे कळत नाही. खरे कळते ते एकाच उगमातून आलेल्या आणि पुढे वेगळ्या झालेल्या शब्दांतून. त्यांचेही दोन गट पडतात. काही शब्द एका पूर्वज भाषेकडून वारसाने येतात. काही अनेक भाषांनी एकाच ठिकाणाहून उसने घेतलेले असतात. भारतात या दुसऱ्या गटाचे पीक उदंड आहे, कारण उसने घ्यायला संस्कृत होती, पुढे फारसी होती आणि आता इंग्रजी आहे. युरोपात अशा शब्दांना ‘खोटे मित्र’ म्हणतात. केस्लर आणि दरोकिन्यी या दोन फ्रेंच लेखकांनी १९२८ मध्ये इंग्रजी-फ्रेंच अनुवादकांसाठी असे शब्द जमवून पुस्तक काढले, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. भारतीय भाषांच्या बाबतीत ते थोडे अन्यायाचे आहे. हे शब्द खोटे नसतात, त्यांचा फक्त पत्ता बदललेला असतो.

३. अवसर

अर्थ कसा सरकतो हे पाहायला एकच शब्द निवडायचा तर ‘अवसर’ निवडावा. संस्कृतात तो अव + सृ यांपासून होतो. ‘सृ’ म्हणजे सरणे, वाहणे. अवसर म्हणजे योग्य वेळ, प्रसंग, अनुकूल संधी, आणि मोकळा वेळही. हे सगळे अर्थ संस्कृतातच एकत्र नांदत होते. पुढच्या भाषांनी त्यांतला एकेक धागा ओढला.

हिंदीने ‘संधी’ घेतली. नोकरीच्या जाहिरातीत ‘सुनहरा अवसर’ असतो तो याच अर्थाने. मल्याळममध्येही ‘अवसरम्’ म्हणजे संधीच. बंगालीने मोकळा वेळ घेतला आणि तो पुढे वाढवला: तिकडे ‘अवसर’ म्हणजे फुरसत, आणि नोकरीतून कायमची फुरसत म्हणजे निवृत्ती. बंगाली ‘अवसरप्राप्त’ शिक्षकाला कसलीही संधी मिळालेली नसते, तो सेवानिवृत्त झालेला असतो.

तेलुगूत ‘अवसरम्’ म्हणजे गरज. हे एकदम लांबचे वाटते, पण मधली पायरी सापडते. जेथे एखाद्या गोष्टीचा प्रसंग येतो तेथे तिची गरज लागते. आज मराठीतही ‘तशी वेळ आली तर सांगतो’ याचा अर्थ ‘गरज पडली तर सांगतो’ असाच होतो. वेळ, प्रसंग आणि गरज यांच्यातली भिंत पातळ आहे.

कन्नड आणि तमिळ आणखी एक पाऊल पुढे गेल्या. गरज निकडीची झाली की घाई होते. कन्नडात ‘अवसर’ म्हणजे घाई. कर्नाटकातल्या रस्त्यांवर ‘अवसरवे अपघातक्के कारण’ अशा पाट्या दिसतात. मराठी प्रवाशाला त्यातला अपघात कळतो, कारणही कळते, आणि अपघाताला संधी कशी कारणीभूत होते याचे कोडे पडते. तमिळमध्ये ‘अवसरम्’ म्हणजे तातडी. इस्पितळातल्या तातडीच्या उपचारांना तिकडे ‘अवसर चिकित्सा’ अशा अर्थाची पाटी असते. बंगालीत ज्या शब्दाने आरामखुर्ची आठवते, त्याच शब्दाने तमिळमध्ये रुग्णवाहिका आठवते. दोन टोके जुळत नाहीत. पण मोकळा वेळ, योग्य वेळ, प्रसंग, गरज, निकड, घाई अशी साखळी मांडली की एकही कडी ताणलेली वाटत नाही.

महाराष्ट्रात मराठीचाही एक स्वतंत्र अर्थ आहे. ग्रांथिक मराठीत अवसर म्हणजे वेळ किंवा संधी, पण दक्षिण कोकणातल्या देवळांत ‘अवसर येणे’ म्हणजे देव अंगात येणे. देवाच्या येण्याची ती वेळ, असा अर्थ लावला तर हाही धागा त्याच सुताचा दिसतो.

या साखळीतल्या पायऱ्या कोणा एका भाषेच्या लहरीने पडलेल्या नाहीत. त्याचा पुरावा परक्या कुळातून मिळतो. अरबीत ‘फुर्सा’ म्हणजे संधी. तुर्कीत तो ‘फिर्सात’ होऊन संधीच राहिला. फारसीमार्गे भारतात आला तेव्हा मात्र ‘फुरसत’ म्हणजे मोकळा वेळ झाला. बंगालीने संस्कृत शब्दाच्या बाबतीत जी वाट धरली, तीच वाट हिंदी-मराठीने अरबी शब्दाच्या बाबतीत धरली. शब्दार्थाच्या अभ्यासाला ‘सेमांतिक’ हे नाव देणारे फ्रेंच पंडित मिशेल ब्रेआल यांचा १८९७ च्या त्यांच्या ग्रंथात आग्रह होता की अर्थ बदलतात ते आपोआप नव्हे, बोलणाऱ्या माणसांच्या मनाच्या सवयींमुळे. माणसांच्या सवयी सारख्या असल्या की वाटाही सारख्या निघतात.

४. रिकामी जागा

तरी एक प्रश्न उरतो. वाटा अनेक असताना एखादी भाषा नेमकी एकच का धरते? त्याचे उत्तर पुष्कळदा त्या शब्दात नसून त्याच्या शेजारच्या शब्दांत असते. तांबटाकडून एकाच घाटाची चार पातेली चार घरी गेली, तर कोणाकडे त्यात दूध तापेल, कोणाकडे आंघोळीचे पाणी, कोणाकडे धान्य राहील. पातेले तेच, घरात आधी कोणती भांडी आहेत यावर त्याचे काम ठरते.

अवसरच्या शेजारी संस्कृतात ‘अवकाश’ आहे. अवकाश म्हणजे मोकळी जागा, आणि त्यावरून मोकळा वेळ, वाव. आता हे दोन शब्द एकत्र ठेवून पाहावे. कन्नड आणि तेलुगूत अवसर घाईकडे आणि गरजेकडे गेला, तेव्हा संधीची जागा रिकामी झाली. ती अवकाशने भरली: या दोन्ही भाषांत अवकाश म्हणजे संधी. हिंदीत संधीच्या जागी अवसर पक्का बसलेला होता. तेथे अवकाश सुट्टीकडे वळला. मल्याळममध्येही अवसर संधीच्या जागी होता, आणि तेथे अवकाशने वेगळीच मजल मारली: ‘अवकाशम्’ म्हणजे हक्क. मानवी हक्कांना मल्याळम वर्तमानपत्रे ‘मनुष्यावकाशम्’ म्हणतात. मराठीत ‘संधी’ या शब्दाने संधीचे काम केले, ‘सुट्टी’ने सुट्टीचे, ‘हक्क’ने हक्काचे. अवकाशला मग मूळची पोकळीच उरली, आणि अवकाशयाने तिकडूनच उडाली. ‘अजून अवकाश आहे’ म्हणजे अजून वेळ आहे, एवढा जुना अर्थ बोलण्यात टिकला.

नवी गोष्ट एकाच वेळी सगळीकडे येते तेव्हा ही जागावाटणी विशेष स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतल्या नॉव्हेल या प्रकाराला भारतीय भाषांत नाव हवे झाले. बंगालीने ‘उपन्यास’ घेतला आणि हिंदीतही तोच रुळला. संस्कृतात उपन्यास म्हणजे समोर मांडणे, कथन करणे. मराठीने सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या गद्यकाव्याचे, म्हणजे खरे तर त्याच्या नायिकेचे, नाव उचलून सगळ्या प्रकारालाच ‘कादंबरी’ म्हटले. एका पात्राच्या नावावरून साहित्यप्रकाराचे नाव पडण्याचे हे उदाहरण विरळा आहे. कन्नडातही कादंबरीच आली, त्यामुळे तिकडे उपन्यास शब्द मोकळा राहिला आणि ‘मांडणे’ या मूळ अर्थाला धरून व्याख्यानाकडे गेला. कर्नाटकातल्या महाविद्यालयातला ‘उपन्यासक’ कथा लिहीत नाही, वर्गात शिकवतो. तेलुगूने इंग्रजी नॉव्हेललाच ‘नवल’ केले; तेथेही उपन्यास म्हणजे भाषण. तमिळमध्ये ‘उपन्यासम्’ म्हणजे प्रवचन.

‘संसार’ आणि ‘प्रपंच’ यांची जोडीही अशीच उलटसुलट झालेली आहे. संसार हा शब्द अवसरसारखाच ‘सृ’पासूनचा, मूळ अर्थ वाहत राहणे, म्हणून जन्ममरणाचा फेरा. प्रपंच म्हणजे विस्तार, म्हणून दृश्य जगाचा पसारा. मराठी संतांनी प्रपंच आणि परमार्थ अशी जोडी लावली, आणि मराठीत दोन्ही शब्द घरातल्या चुलीपाशी येऊन बसले: संसार थाटतात, प्रपंच ओढतात. बंगालीतही ‘शोंशार’ घरसंसाराचाच. हिंदीत संसार म्हणजे जग, आणि प्रपंच म्हणजे भानगड, कपट. तेलुगूत आणि कन्नडात प्रपंच म्हणजे जग. तिकडच्या वर्तमानपत्रात ‘प्रपंच’ मथळ्याखाली आंतरराष्ट्रीय बातम्या येऊ शकतात. संसार मात्र तेथे मराठीसारखाच कुटुंबाचा. तमिळमध्ये ‘संसारम्’ कुटुंबावरून आणखी आखडला आणि बोलण्यात बायकोला म्हणू लागले. मल्याळममध्ये ‘संसारम्’ म्हणजे बोलणे, संभाषण! केरळात कोणी ‘संसार करायचा आहे’ अशा अर्थाचे काही बोलल्यास मराठी पाहुण्याने दचकू नये.

५. मनातल्या गोष्टी

वस्तूंची नावे तशी स्थिर असतात, भावनांची सर्वांत चंचल. ‘राग’ हा शब्द ‘रंज्’ म्हणजे रंगणे यापासूनचा. संस्कृतात राग म्हणजे रंग, विशेषतः तांबडा, आणि मन रंगले म्हणून प्रेम. मराठीत आणि बंगालीत राग म्हणजे संताप. चेहरा प्रेमानेही लाल होतो आणि संतापानेही, एवढ्यावर हे काम भागले असावे. प्रेमाचा अर्थ ‘अनुराग’मध्ये शाबूत आहे.

‘अभिमान’ची कथा याहून सूक्ष्म आहे. सांख्य दर्शनात अहंकाराचे लक्षण म्हणून हा शब्द येतो: ‘हे मी, हे माझे’ असे मानणे. सगळे अर्थ या ‘माझे’पणातून निघतात. माझे म्हणून ताठ मान, ही मराठी छटा. मराठीत अभिमान चांगला आणि गर्व वाईट, म्हणून गर्वाचेच घर खाली. हिंदीत जवळजवळ उलट: ‘गर्व’ उजळ माथ्याने मिरवतो आणि ‘अभिमान’ शब्दाला घमेंडीचा वास येतो. हिंदीतली ‘गर्व’ची घोषणा मराठीत आणताना तिचा अभिमान करावा लागतो, तो यामुळे. तेलुगूत आणि कन्नडात माझे म्हणून माया, असा अर्थ झाला; ‘अभिमानी’ म्हणजे चाहता. कन्नड अभिनेते डॉ. राजकुमार आपल्या चाहत्यांना ‘अभिमानी देवरु’, म्हणजे चाहते हेच देव, असे संबोधत. बंगालीत तर माझ्याच माणसाने दुखावले म्हणून मनात धरलेला रुसवा, तो अभिमान. परक्यावर तो धरताच येत नाही. या बंगाली छटेला मराठीत नेमका एक शब्द नाही. रुसवा त्याच्या सर्वांत जवळ जातो.

‘लोभ’ची गंमत मराठी माणसाच्या रोजच्या पत्रात आहे. शेवटी ‘लोभ असावा’ लिहिले की आपुलकी मागितली जाते. हिंदी वाचकाला त्यात हावरटपणाची शिफारस दिसेल.

६. दरबारातून आलेले शब्द

फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांचे अर्थ बहुधा दप्तरात बदलले. ‘सही’ म्हणजे बरोबर. कागद तपासून ‘सही’ म्हणजे ‘ठीक आहे’ असे नोंदण्याच्या पद्धतीतून मराठी, गुजराती आणि कन्नडात सही म्हणजे स्वाक्षरी असे झाले, बंगालीतही ‘सोई’ तेच. हिंदीत बरोबर हाच अर्थ राहिला, आणि तेथून अलीकडे तो मराठी तरुणांच्या तोंडी ‘सही!’ म्हणून दुसऱ्यांदा आला.

‘राजीनामा’ म्हणजे राजी असल्याचा कागद. उत्तरेकडच्या न्यायालयांत आजही राजीनामा झाला म्हणजे दोन्ही पक्षांत तडजोड झाली. मुंबई इलाख्याच्या महसूल व्यवहारात जमीन सोडणारा शेतकरी राजीनामा लिहून देई आणि घेणारा कबुलायत. ‘राजीखुशीने सोडतो’ या अर्थावरून नोकरी वा पद सोडण्यापर्यंत फार अंतर नाही. मराठी, गुजराती, कन्नड आणि तेलुगूत राजीनामा म्हणजे पदत्याग. हिंदीत त्याला इस्तीफा म्हणतात.

‘गरीब’ अरबीत परका, अनोळखी. तुर्कीत ‘गारिप’ म्हणजे विचित्र. भारतात निर्धन. मराठीत आणखी एक अर्थ आहे: मारकी नसलेली गाय गरीब असते, तिच्या मालकाकडे कितीही जमीन असो.

७. अनुवादकाची अडचण

भारतीय संविधानाच्या ३५१ व्या अनुच्छेदात हिंदीने नव्या शब्दांसाठी मुख्यतः संस्कृतकडे पाहावे असे सुचवले आहे. संस्कृत शब्द सगळीकडे कळेल, हा त्यामागचा समज. रूप कळते हे खरे. अर्थाची हमी मात्र मिळत नाही. ‘यातायात पुलिस’ हिंदीत वाहतूक सांभाळते. मराठीत यातायात म्हणजे दगदग, आणि चौकातला अनुभव पाहता हा अर्थही अगदीच गैरलागू नाही. ‘चरित्र’ मराठीत एका माणसाचे असते, तेलुगू-कन्नड-मल्याळममध्ये तोच शब्द इतिहासाला आहे. ‘अनुमान’ मराठीत निष्कर्ष, हिंदीत अंदाज, कन्नड-तेलुगूत संशय.

वाक्यात अजिबात न बसणारा अर्थ लगेच खटकतो, म्हणून तो फारसा धोक्याचा नसतो. बंगालीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा; ‘त्याने परीक्षेत पास होण्याची चेष्टा केली’ असे कोणी लिहिले तर संपादक लगेच थांबतो. अडचण येते ती अर्धवट बसणाऱ्या अर्थाची. मामा वरेरकरांसारख्यांनी शरच्चंद्रांच्या बंगाली कादंबऱ्या मराठीत आणल्या तेव्हा मूळ पानापानावर संसार, राग, अभिमान, अवसर हे शब्द भेटणारच होते. त्यांतले पहिले दोन मराठीत निर्धास्त जसेच्या तसे ठेवता येतात, तिसरा ठेवला तर रुसलेल्या नायिकेची ताठ मानेची नायिका होते. आणि चौथा सर्वांत फसवा. बंगाली पात्र ‘अवसर मिळाला तर येईन’ असे म्हणते. मराठीत हे वाक्य जसेच्या तसे छापले तरी चालून जाते. वाचक त्याचा अर्थ ‘संधी मिळाली तर’ असा घेतो आणि पुढे जातो. पात्राला म्हणायचे असते, ‘सवड झाली तर येईन.’